बाकांचा दुसरा हात

चर्चच्या दारात दर रविवारी मास्तर उभे असत. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती, पण हजेरी घ्यायची खोड काही गेली नव्हती. फरक एवढाच, की आता ते कपड्यांची हजेरी घेत. दाराशेजारी त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात पाटी टांगली होती: पूर्ण बाह्या, इस्त्रीची पँट, पायांत मोजे, कामाच्या कपड्यांत प्रवेश नाही. येणाऱ्याला नखशिखांत न्याहाळून ते म्हणत, "बटण नीट लावा. देवाच्या घरी आलायत." लोक त्यांना मागून इस्त्रीमास्तर म्हणत.

माणूस वाईट नव्हता हो! त्यांचे वडील हमाल. आठवडाभर फाटक्या बनियनवर पोती वाहायचे, पण रविवारी अंगात पांढराशुभ्र सदरा. तो एकच होता आणि देवासाठी राखलेला होता. मास्तरांना तो सदरा जन्मभर दिसत राहिला. त्यामुळे कोणी चुरगळलेला शर्ट घालून आला, की त्यांना वडिलांचा अपमान झाल्यासारखं वाटे.

पण गेल्या महिन्यात या नियमात घरचाच माणूस सापडला. जावई रंगारी. एका रविवारी कामावरून थेट उपासनेला आला, तर मास्तरांनी त्याला सगळ्यांदेखत दारातून परत पाठवलं. जावई निघून गेला. बोलली ती लेक.

"बाबा, बाळाचा बाप्तिस्मा आहे म्हणून अजून एकदा येणार आहे. पुन्हा यांना दारातून फिरवलंत, तर मी बाळाला उचलून चालू पडेन. परत या पायरीवर पाऊल टाकणार नाही."

लेक बापावरच गेली होती. बोलली म्हणजे बोलली. मास्तरांना त्या रात्री जेवण गेलं नाही. एकुलती एक लेक आणि एवढीशी नात, ती दुरावली तर मागे राहणार काय? पाटी?

समेट म्हणून त्यांनी चर्चच्या बाकांना व्हार्निश लावायचं काम जावयालाच दिलं. जावयाने शुक्रवारी एक हात दिला. शनिवारी मास्तर म्हणाले, "चमक कमी पडते. अजून एक हात होऊन जाऊ दे."

"मामा, हवा दमट आहे. दुसरा हात उद्यापर्यंत वाळायचा नाही."

"पंखे लावू की!"

सासऱ्याशी कोण वाद घालणार? जावयाने दुसरा हात दिला आणि पुठ्ठ्यावर 'ओलं आहे, बसू नये' असं लिहून तो पहिल्या बाकावर ठेवला.

रविवारी सकाळी मास्तरांनी बाकाला हलकेच बोट लावलं. बोट कोरडं निघालं. "रंगारी एकाचे दोन दिवस सांगणारच," असं म्हणत त्यांनी पुठ्ठा कपाटामागे सारला. बाप्तिस्म्याच्या दिवशी बाकावर पुठ्ठा बरा दिसतो का?

मंडळी जमू लागली आणि फाटकातून जावई धावत आला. अंगात रंगाने माखलेली डांगरी.

"मामा, बाकं जरा बघून घेतो..."

"जावईबापू, आज पोटच्या पोरीचा बाप्तिस्मा! आणि हे असे आलात?"

"कपडे घरी आहेत, बदलतोच. पण आधी बाकं..."

"आधी कपडे!"

जावयाने सासऱ्याकडे पाहिलं, मग पाटीकडे पाहिलं. "बरं," म्हणाला आणि वळला. तो फाटकाबाहेर गेला तेव्हा मास्तरांच्या लक्षात आलं. अरे देवा, हे परत पाठवणंच झालं की! पण बाण सुटला होता.

लेक बाळाला घेऊन पहिल्या बाकावर बसली. मास्तर शेजारी बसले. पाळकसाहेबांची सुरुवातीची प्रार्थना लांबलचक असे. मंडळी डोळे मिटून, ठेवणीतल्या कपड्यांत, अगदी शांत बसली होती. पंखे फिरत होते. व्हार्निश आपलं काम करत होतं.

"हे कुठेत?" लेक कुजबुजली.

"येतील."

"तुम्ही त्यांना परत पाठवलंत?"

देवाच्या घरात खोटं कसं बोलणार? मास्तरांनी मान खाली घातली. "कपडे बदलायला पाठवलंय."

लेकीच्या डोळ्यांत पाणी तरारलं. "सांगितलं होतं मी. चालले." तिने बाळाला छातीशी धरलं आणि उठली. म्हणजे उठायला गेली. बाकाने तिला सोडलं नाही. तिने पुन्हा जोर लावला. मास्तर उठायला गेले, तर तेही जागचे हलेनात. बापलेक एकमेकांकडे बघत राहिले.

"आमेन," पाळकसाहेब म्हणाले. "गीतासाठी सर्वांनी उभं राहावं."

कोणीही उभं राहिलं नाही. मागच्या बाकांवर थोडी चुळबुळ झाली, कर्र कर्र असा आवाज झाला आणि सगळं स्थिर झालं. प्रत्येकाला वाटत होतं, आपणच तेवढे चिकटलोय.

पाळकसाहेब भारावले. "तीस वर्षांत मंडळी इतकी नम्र झालेली मी पाहिली नव्हती," ते म्हणाले. "बसूनच गाऊ या." सगळ्यांनी बसून गायलं.

"आता बाळाच्या आईवडिलांनी पुढे यावं."

आई येऊ शकत नव्हती आणि वडील नव्हते. बाळाने भोकाड पसरलं. तेवढ्यात दारात जावई दिसला. अंगात लग्नातला सूट, टाय, पायांत मोजे, हातात पिशवी. त्याने सगळ्या बाकांवरून नजर फिरवली आणि काय ते समजला. पण आत आला नाही. पाटीपाशीच थांबला.

"मामा, पिशवीत टर्पेंटाइन आहे. सगळ्यांना सोडवतो. पण या सुटात ते काम नाही व्हायचं. डांगरीही आणलीय." त्याने पाटीकडे बोट दाखवलं. "चालेल का?"

लेक बापाकडे बघत होती. हे उत्तर बसून द्यायचं नाही, एवढं त्यांना कळलं. त्यांनी बाकाच्या कडेला धरलं, सगळा जोर एकवटला आणि ते उभे राहिले. टर्रर्र! पँटचा मागचा भाग बाकावरच राहिला.

"चालेल," मास्तर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "चुकलं माझं, जावईबापू. आत या."

मग जावई डांगरीत बाकाबाकाशी गुडघे टेकून फिरला. "ओढू नका आजी, कापड फाटेल," असं म्हणत, चिंधी बुडवून त्याने सगळ्यांना मोकळं केलं. मास्तर तोवर भिंतीला पाठ लावून उभे होते. काम संपल्यावर जावई मागच्या खोलीत गेला, सूट घालून आला आणि त्याने डांगरी सासऱ्याच्या हातात दिली.

मास्तर आत जाऊन बाहेर आले तेव्हा कोणी हसलं नाही. गुडघ्यावर हिरवा रंग, छातीवर पिवळा, खांद्याचा एक पट्टा लोंबत असलेला. ते दाराकडे जाऊ लागले. इतकी वर्षं दुसऱ्यांना घालून दिलेला नियम ते स्वतः मोडणार नव्हते.

"बाबा, कुठे निघालात?" लेक आडवी आली. बाकावरून सुटका झाली होती, दरवाजा मोकळा होता, तरी ती गेली नव्हती. तिने लोंबणारा पट्टा उचलून त्यांच्या खांद्यावर टाकला.

"बटण नीट लावा," ती म्हणाली. "देवाच्या घरी आलायत."

मास्तरांनी निमूटपणे बटण लावलं आणि नातीला घ्यायला हात पुढे केले.