कोंबडीचं कमी पडलेलं हाड

कौशल्याचं कुणी ऐकून घेईल तर शपथ! बनशंकरीत बावीस वर्षं खानावळ चालवली, दर रविवारी पंधरा-पंधरा कोंबड्या स्वतःच्या हातानं फोडल्या, आणि आज आठ वर्षांच्या नातवाच्या पुस्तकापुढं तिचा शब्द फोल!

पुस्तक सांगाड्यांचं, रंगीत. माणूस, घोडा, वटवाघूळ, सगळे कातडं काढून उभे. तनयला सोमवारी शाळेत कोंबडीच्या सांगाड्यावर बोलायचं होतं. चित्र बघताच कौशल्या म्हणाली, "ह्यात एक हाड कमी आहे. गळ्यापाशी चिमट्यासारखं असतंय की! ते कुठं गेलं?"

"आई, तज्ज्ञांनी तपासलंय ते," सून शाल्मली लॅपटॉपमधून मान न काढता म्हणाली. (पुण्याची. हिला चिकन बोनलेसच लागतं. ही सांगणार हाडं!)

"चौथी पास तू," नवरा पुरुषोत्तम पेपराआडून बोलला. "छापलेलं खोटं असतंय होय?"

झालं! कौशल्याचं टाळकं सरकलं. चौथी ती पहिल्या नंबरानं पास झाली होती. पुढं बापानं पाठवलं नाही, त्यात कोंबडीचा काय दोष?

"माझं पोरगं शाळेत चुकीचं बोलणार नाही! आज हाड दाखवते. नाही दाखवलं तर ह्या घरात परत शहाणपण सांगणार नाही!"

"लिहून दे," पुरुषोत्तम घाईनं म्हणाला. (एवढी आशा त्याला चाळीस वर्षांच्या संसारात दिसली नव्हती.)

चिकनच्या दुकानात दुकानदारानं सवयीनं सुरा उचलला तशी ती अर्ध्या कानडीत गरजली, "अण्णा, कट माडबेडा! अख्खी दे!"

अख्खी कोंबडी शिजली. मांस सोडवून हाडं धुऊन पेपरवर मांडली. पाय, पंख, बरगड्या, मणके; तनय पेन्सिलीनं खुणा करत होता. चिमट्याचं हाड मात्र नाही!

"कुणी खाल्लं? अहो, तोंड उघडा!"

"कवळी ग्लासात आहे गं माझी!"

"शाल्मली, तू?"

"आई, मीटिंग चालू आहे! सगळे ऐकतायत!"

"ऐकू देत! विचार त्यांना, हाड असतंय का नाही!"

लॅपटॉपमधून कुणीतरी नम्रपणे म्हणालं, "अम्मा, मैं प्योर व्हेज हूँ."

"मग त्या दुकानदारानंच चोरलं! थांब, जाते त्याच्याकडं!" कौशल्यानं पदर खोचला, चप्पल घातली.

"आज्जी, थांब," तनयनं मोबाइल पुढं केला. "मी शाळेसाठी सगळा व्हिडिओ काढलाय."

व्हिडिओत कौशल्या पातेल्याचं झाकण काढते. मीठ बघायला गळ्याजवळचा तुकडा तोडून तोंडात घालते. दातांतून चिमट्यासारखं हाड बाहेर डोकावतं.

"बघा!" कौशल्या किंचाळली. "आहे का नाही हाड? आता बोला!"

व्हिडिओ चालूच होता. कडाम, कुडूम. मग गिळल्याचा आवाज. मग व्हिडिओतलीच कौशल्या म्हणाली, "मीठ स्वल्प कमी आहे."

तनयनं वही उघडली. पुरुषोत्तमनं पेपर घडी करून ठेवला, घसा खाकरला आणि सावकाश सांगायला लागला, "लिही बाळा. कोंबडीला ते हाड असतं. पुस्तक चुकलं. आमच्याकडचं हाड दाखवता येत नाही, कारण ते खाल्लं गेलं. खाणारीचं नाव, कौशल्या."