एकाच फाइलीत सहा वर्षं

विणकर मनोहररावांचा सकाळीच उमरेडहून फोन आला. नूपुरच्या लग्नाच्या लुगड्याचा ताणा मागावर चढला होता. संध्याकाळपर्यंत काठाची नक्षी आली नाही, तर ते साधा काठ धरणार होते. अनुसयाबाईंनी फोन ठेवला आणि तशाच बसून राहिल्या. नूपुर म्हणजे त्यांची नात, लेक दामिनीची मुलगी. तिच्या लुगड्याला त्यांना स्वतःच्या आईचा काठ हवा होता, करवतीचे दात आणि दातांच्या मधोमध जवसाचं फूल. तरुणपणी तो त्यांच्या बोटांत होता. आता घरात माग नव्हता आणि बोटंही विसरली होती. तो काठ उरला होता एकाच जागी, माळ्यावरच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये.

गोळीबार चौकाजवळच्या त्यांच्या घरात कॉम्प्युटर आला तो माग विकून, नव्याण्णव साली. मागाच्याच कोपऱ्यात तो बसला, म्हणून अनुसयाबाईंच्या नवऱ्याने, बाबनरावांनी, त्याला मागाचेच नियम लावले. "मागावरून एक उठला का दुसरा तिथूनच पुढं विणते. जो तो नवा ताणा लावत बसत नाही," असं त्यांनी सांगितलं आणि विषय मिटला. वेळा ठरल्या. सकाळी दामिनी, संध्याकाळी तिचा भाऊ अंकुर, आणि कुकर होईपर्यंतची वीस मिनिटं अनुसयाबाई. नवी फाइल उघडायची कोणाची टाप नव्हती. सहा वर्षं सगळं घर एकाच फाइलीत एकाखाली एक लिहीत गेलं. दामिनीच्या रसायनशास्त्राखाली अंकुरचे क्रिकेटचे स्कोअर, त्याखाली कोणाच्या तरी लग्नाची पाहुण्यांची यादी. अनुसयाबाईंना टायपिंग येत नसे. चौकटीच्या कागदावर काढावा तसा त्या काठ उतरवत, भरल्या घराला एक्स आणि रिकाम्या घराला टिंब, रोज चार-पाच ओळी.

दुपारी अंकुरने यंत्र माळ्यावरून खाली आणलं. अंकुर आता हिंगण्याला कारखान्यात सुपरवायझर आहे, डोक्यावर विरळ केस आहेत. त्याने बटण दाबलं आणि आतला पंखा घरघरला. पडदा सावकाश उजळत होता. तेवढ्यात जो तो आपापल्या जुन्या सालात जाऊन बसला. बाबनरावांचा तर उजवा पाय मागाच्या पावडीवर असल्यासारखा आपोआप हलायला लागला. अनुसयाबाईंना कुकरची शिट्टी ऐकू आली म्हणे, कुकर लावलेला नसताना.

फाइल उघडली, पण तिला अंतच नव्हता. माऊस बायकोच्या, प्रीतीच्या हाती देऊन अंकुर हातपाय धुवायला गेला. परत आला तेव्हा "सापडला काठ" एवढंच सांगून ती चहा टाकायला उठली. जरा जास्तच शांतपणे उठली, पण नवऱ्यांना हे वेळेवर कळत नाही.

अंकुर पडद्यासमोर बसला आणि त्याने खुर्ची एकदम पुढे ओढली. वर आईच्या दहा-बारा ओळी, खाली तेवढ्याच, आणि बरोबर मधे, इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत, सतरा वर्षांच्या अंकुरचं पत्र. प्रिय गोपिका. एक्सच्या त्या जंगलात कोण बघणार, असं त्याला तेव्हा वाटलं होतं. स्वयंपाकघरात कप वाजत होते. त्याने घाईघाईने पत्र निवडलं. म्हातारा माऊस घसरला, निळी पट्टी वरपासून खालपर्यंत धावली, आणि बोटाने डिलीट दाबलंसुद्धा. कारखान्याच्या सवयीने हात लगेच सेव्ह करून मोकळा झाला. मग यंत्र जे गोठलं, ते बंद करूनच चालू करावं लागलं. पाहुण्यांची यादी शाबूत होती. काठ नव्हता.

अनुसयाबाई चष्मा पुसत आल्या.

"काठ कुठं हाय गा?"

"आई, मीच खोडला. मधात माझं एक पत्र होतं, ते काढायले गेलो."

त्या रागावल्या नाहीत. चष्मा काढून डबीत ठेवत म्हणाल्या, "राहू दे. साधा काठ बी चांगला दिसते." रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं अंकुरला फार वाटलं.

दारात ट्रे घेऊन प्रीती उभी होती. तिने ट्रे ठेवला आणि मोबाइल पुढे केला.

"फोटो आहे माझ्याजवळ. पत्रासकट. दामिनीताईले दाखवायसाठी काढला होता."

नवऱ्याला आयुष्यभर चिडवायला काढलेला तो फोटो अनुसयाबाईंनी दोन्ही हातांत धरला. फुलाच्या पाकळ्या मोजताना त्यांचे ओठ हलत होते, आणि त्या रडत होत्या हे त्यांनी लपवलं नाही. मधलं तेवढं कापून पाठव, असं अंकुरने सुचवून पाहिलं. पण मधून कापलं तर खालवरचा काठ जुळेल की नाही, याची खात्री कोणालाच नव्हती. फोटो अख्खाच उमरेडला गेला.

दिवेलागणीला मनोहररावांचा फोन आला.

"वहिनी, काठ बसला. फूल बराबर उतरते. पण आमच्या घरचे सारे विचारून राहिले, त्या पोरीनं मंग उत्तर देल्लं का?"

फोन स्पीकरवर होता. सगळे अंकुरकडे बघायला लागले. बाबनरावांचा पायसुद्धा थांबला.

"पत्र देलंच नाही तिले," अंकुर चहाकडे बघत म्हणाला. "आपल्या घरी प्रिंटर कुठं होता?"

पहिल्यांदा हसली ती प्रीती. मग त्याच्या कपात आणखी चहा ओतत म्हणाली, "बरं झालं नाही घेतला."