ओंजळीतला थेंब

"जेवणाच्या सुट्टीच्या आत नाणं ठरतं की नाही, बघच तू!" बुटाची नाडी आवळता आवळता सचिव बायकोला म्हणाले. "समिती कितीही भांडकुदळ असू दे. नियम माझे, मांडणी माझी! बोट घालायला कुठे फट म्हणून ठेवलेली नाही."

"बरं, मग हा डबा तेवढा ठेवा," बायको म्हणाली.

डब्यात काकडीचे काप होते. नुसते काकडीचे काप! डॉक्टरांनी वजनकाट्याकडे बघून जीभ चुकचुकवल्यापासून त्या घरातून साखर, लोणी आणि मैदा तडीपार झाले होते. सकाळी कोमट पाणी, दुपारी काकडी, आणि रात्री काकडीची आठवण. सचिव निमूटपणे डबा घेऊन निघाले.

कचेरीत त्यांना पाठीमागे 'फूटपट्टी' म्हणत, आणि त्यात काही खोटं नव्हतं. कागदाच्या कोणत्या कोपऱ्यात टाचणी टोचावी यावरसुद्धा त्यांनी परिपत्रक काढलं होतं. त्यामुळे नव्या नाण्याचं चित्र निवडायला समिती बसली, तेव्हा सचिव म्हणून त्यांच्याशिवाय दुसरं नाव कोणाला सुचलंच नाही.

विषय होता 'पाणी'. कोणीही नमुना करावा, प्लास्टरचा, लाकडाचा, मातीचा, हवा त्याचा. नमुन्यावर फक्त क्रमांक. करणाऱ्याचं नाव बंद पाकिटात आणि पाकिटं अध्यक्षबाईंच्या कपाटात. शेकड्यांनी आलेले नमुने चाळून चाळून शेवटी पाच उरले होते. सगळ्या नियमांत सचिवांचा लाडका नियम म्हणजे, 'फुटून, तडा जाऊन वा अन्यथा खराब होऊन आलेला नमुना बाद समजण्यात येईल.' तो वाचताना त्यांना स्वतःच्याच पाठीवर थाप मारावीशी वाटे.

सभेच्या खोलीत ते सगळ्यांच्या आधी पोचले. लांब टेबलावर हिरवं कापड अंथरलं, त्यावर एका रेषेत पाच नमुने मांडले. प्लास्टरचा ढग. लाकडी मासा. धरण. टोकाला पाचवा, नळ. आणि चौथ्या जागी बशीएवढी तपकिरी चकती, तिच्यावर जुळलेले दोन हात, पाण्याची ओंजळ धरलेली. 'भाजकी माती', असं सचिवांनी स्वतःच्या हाताने नोंदलं होतं. पुडा उघडला त्या दिवशी ते त्या हातांकडे बराच वेळ बघत राहिले होते. पण मत देणं हे सचिवाचं काम नव्हे, म्हणून त्यांनी मत आवरून ठेवलं होतं.

चौथ्या नमुन्याला लागूनच चहा-बिस्किटांचा ट्रे येऊन बसला होता. आणि खोलीत वास सुटला होता तो लोण्याचा. ताज्या, खमंग, निर्दयी लोण्याचा!

सचिव खुर्चीत टेकले. एक शेवटची उजळणी म्हणून नियमावली डोळ्यांसमोर धरली. पोटात कावळ्यांनी सभा भरवली होती. 'एकच बिस्किट,' त्यांनी मनाला समजावलं, 'तिला कुठे कळतंय!' डोळे नियमावर आणि हात ट्रेकडे. बोटांना काहीतरी गोल, खरबरीत, ओशट लागलं. सचिवांनी डोळे मिटून त्याचा कचकन लचका तोडला.

कट्!

तोंडात जणू समुद्र शिरला. इतकं मीठ! सचिवांनी डोळे उघडले. बिस्किटं ट्रेमध्ये जशीच्या तशी होती. हातात होता नमुना क्रमांक चार! त्याच्या काठावरून अर्धचंद्राएवढा तुकडा गेला होता, तो सचिवांच्या गालात होता. त्यांनी तो घाईघाईने गिळला. मग जीभ सवयीने पुढच्या दातांवरून फिरली आणि मध्येच खड्ड्यात पडली. समोरच्या दातावर दंतवैद्याने बसवलेली टोपी गायब!

बाहेर पावलं वाजली. सचिवांनी चकती जागेवर ठेवली, खाल्लेली बाजू भिंतीकडे केली आणि ओठ असे मिटले की जणू कोणी शिवून टाकले.

समिती आत आली. अध्यक्षबाई न्यायालयातून निवृत्त झालेल्या. चष्म्यावरून बघितलं की समोरचा न केलेले गुन्हेही आठवू लागे. त्यांच्यामागे इतिहासाचे प्राध्यापक, हातात भिंग. मग टांकसाळीतले अभियंता. आणि शेवटी पांढरी काठी टेकत गायनमास्तर. मास्तरांना जन्मापासून दिसत नव्हतं, आणि नाणं बोटांना ओळखता आलं पाहिजे म्हणून ते समितीत होते.

"दिसणारी माणसं नाण्याकडे बघतात कुठे?" मास्तर बसता बसता म्हणाले. "बघतो आम्हीच. काय सचिवसाहेब?"

"हं," सचिव म्हणाले.

"सुरू करा, सचिव. प्रास्ताविक," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"स्स्‌मितीचे स्स्‌दस्य..." सचिवांच्या तोंडून चक्क शिट्टी निघाली. त्यांनी तोंडावर रुमाल धरला. "स्स्‌र्दी."

"सर्दी नव्हे, बासरी!" मास्तर खूश झाले. "काय स्वच्छ वाजतेय! रोज का नाही असं बोलत?"

त्यानंतर सचिवांनी ठरवलं की ज्या शब्दात 'स' आहे तो शब्द वापरायचाच नाही. 'सदस्य', 'सभा', 'सूचना', 'सर्वानुमते' सगळे बाद झाल्यावर सचिवाला बोलायला उरतं काय?

"पहिला. ढग," ते म्हणाले.

"मेघ!" प्राध्यापकांनी भिंग रोखलं. "वा, काय भरलेपणा!"

"मला फ्लॉवरचा गड्डा वाटला," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"शिवाय उठाव केवढा!" अभियंता म्हणाले. "एवढा फुगवटा धातूत उतरवायचा तर आमचा ठसा आठवडाभरात फुटेल."

"दुसरा. माझा... आपला, माझा नाही, माशाचा."

मासा मास्तरांच्या बोटांना चप्पल वाटला. डाव्या पायाची. तिसऱ्या नमुन्यावरून त्यांनी हात फिरवला आणि विचारलं, "हा कंगवा कोणी पाठवला?"

"धरण आहे ते. दरवाजे आहेत," अभियंता म्हणाले.

"मग दात जरा जास्तच लांब झालेत."

'दात' ऐकताच सचिवांना असा ठसका लागला की अध्यक्षबाईंनी स्वतः उठून पाणी दिलं. "सचिव, आज तुम्ही तारेच्या भाषेत का बोलताय? बरं नाही का?"

"उत्तम! चौथा. ओंजळ."

मास्तरांनी चकती हातात घेतली आणि त्यांची थट्टा एकदम थांबली. बोटं सावकाश फिरली. मनगटं, तळवे, जुळलेली बोटं.

"हात आहेत," ते हळूच म्हणाले. "पाणी धरलंय. आणि सांडू नये म्हणून जपतायत."

सचिवांच्या मनात आलं, 'हेच! मलाही त्या दिवशी हेच वाटलं होतं!' आणि लगेच दुसरा विचार आला की आता बोटं काठाकडे निघाली आहेत.

"अरे! इथे काठ खाल्लाय कोणीतरी."

सचिवांनी नियमावली हळूच पालथी ठेवली. बाद! कोणाची तरी महिन्याभराची मेहनत बाद, आणि तीही त्यांच्याच लाडक्या नियमाने!

"आणि खाचेत काहीतरी रुतलंय. बारीक, गुळगुळीत. थेंब आहे का?"

प्राध्यापकांनी भिंगासकट झडप घातली. "थेंब! थेंबच! ओंजळीतून निसटलेला, पांढराशुभ्र! आणि ही खाच बघा, चक्क दातांचे व्रण! पूर्वी लोक नाणं चावून पारखत, माहीत आहे ना? ह्या कलावंताने त्या प्रथेला नमस्कार केलाय! एकीकडे तहान, एकीकडे पारख! मी आयुष्यात इतकं खोल नाणं पाहिलं नाही!"

"खोल नाही, ते बरंय. उठाव अगदी बेताचा आहे," अभियंता म्हणाले. "पण थेंबाला ही चकाकी कशी आणली असेल?"

"शिंपला घासला असणार. किती दिवस घासला असेल बिचाऱ्याने!" प्राध्यापक म्हणाले.

अध्यक्षबाई कधी नव्हे त्या हेलावल्या. "माझा कौल चौथ्याला. कोणाची हरकत? नाही? सचिव, लिहून घ्या. काठावरची खाच आणि थेंब आहेत तसेच नाण्यावर घ्यावेत."

"थेंबाचा साचा मी आत्ताच घेतो," अभियंत्यांनी पिशवी उघडली. "जरा मोठाच करू. लोकांना लांबून दिसला पाहिजे."

सचिवांनी लेखणी उचलली. आत्ता गप्प बसलं की झालं! नोकरी सहीसलामत, ओंजळ विजयी, जेवणाची सुट्टीही अजून व्हायची होती. पण त्यांच्या डोळ्यांसमोर आपला दात उभा राहिला. मोठा केलेला! लाखो खिशांत, लाखो गल्ल्यांत. पोरंबाळं तो दात देऊन पेन्सिली विकत घेणार. आणि ज्याने हे हात घडवले, तो घरी नाणं उलटसुलट करत म्हणणार, 'हे काय? हे मी कधी केलं?' लेखणी पुढे सरकेना.

"थांबा!" सचिव उठून उभे राहिले. "तो थेंब नाही! ती माझ्या दाताची टोपी आहे! बिस्स्‌किट स्स्‌मजून मी तो नमुना खाल्ला!"

त्यांनी तोंड उघडून पुरावा दाखवला. साक्षात फट!

मास्तर हसू लागले. आधी खांदे हलले, मग टेबल हललं, मग पेल्यांतलं पाणी हललं. अभियंत्यांनी साच्याचं सामान गुपचूप पिशवीत घातलं. प्राध्यापक भिंग पुसत बसले. "खाच जरा ओबडधोबड आहे, असं मी म्हणणारच होतो," ते पुटपुटले.

अध्यक्षबाई मात्र हसल्या नाहीत. "सचिव, खराब नमुन्याचा नियम वाचा. मोठ्याने."

सचिवांनी वाचला. शिट्ट्यांसकट. मग कागद खाली ठेवून त्यांनी रुमालाने डोळे पुसले. "बाई, बाद करायचं तर मला करा. मी राजीनामा देतो. पण हातांचा यात काय दोष? नमुना चांगला आहे हो!" आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी सभेत मत दिलं होतं.

"रडू नका. नियमात 'खराब होऊन आलेला' असं लिहिलंय. तुम्हीच लिहिलंय. आला तेव्हा कसा होता?"

"शाबूत! मी स्स्‌वतः तपासला होता!"

"मग आला तसा तो चांगलाच होता. इथे आल्यावर त्याला समिती चावली." आणि मग कुठे बाईंच्या ओठांचा एक कोपरा हलला. "मात्र मघाचा कौल रद्द. दातावर भाळून आपण नाणं ठरवणार नाही. पहिल्यापासून बघू."

अभियंत्यांनी चिमट्याने टोपी काढली, रुमालात गुंडाळली आणि सचिवांच्या हवाली केली. आता खाच म्हणजे नुसती खाच राहिली. पुन्हा ढग, पुन्हा चप्पल, पुन्हा कंगवा, आणि या खेपेला नळही. प्राध्यापक रुसून ढगाच्या बाजूने बोलले, पण बोलताना त्यांची नजर ओंजळीकडेच जात होती. जेवणाची सुट्टी आली आणि गेली. शेवटी त्यांनी भिंग खाली ठेवलं. "थेंब नसला तरी तहान लागते बघून," ते म्हणाले. "द्या माझं मत चौथ्यालाच."

पाकीट उघडलं. नाव निघालं एका बेकरीवाल्याचं.

दुसऱ्या दिवशी तो आला. धिप्पाड गडी, भुवयांनाही पीठ लागलेलं. संध्याकाळीच दातावर टोपी पुन्हा बसवून घेतलेले सचिव त्याला दारातच भेटले. रात्रभर पाठ केलेली माफी त्यांनी एका दमात म्हणून टाकली. बेकरीवाल्याने खाच पाहिली, सचिवांना पाहिलं, पुन्हा खाच पाहिली.

"खाल्लंत? अहो साहेब, त्यात पिठाइतकंच मीठ होतं! टिकावं म्हणून घातलं होतं. आणि भट्टीत दगड होईस्तोवर भाजलं होतं!"

"वास लोण्याचा येत होता."

"रंग यावा म्हणून वरून हात फिरवला होता. प्लास्टर मला जमत नाही बघा. कणिक कळते हाताला." तो अवघडून हसला. "पण हात ओळखू आले ना?"

"कोणाचे आहेत?"

"बायकोचे. पहाटे भट्टी पेटवायच्या आधी ती तोंड धुते, तेव्हाचे. तिला अजून सांगितलं नाही. निवड झाली नसती तर उगाच हिरमुसली असती."

"आता सांगा!" सचिव म्हणाले. त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी त्याचा पिठाळलेला पंजा दोन्ही हातांत धरला. "पळा, आधी तिला सांगा. सह्या मागाहून करा!"

आणि तो धिप्पाड माणूस खरोखर जिन्यावरून धावत खाली गेला.

नाणं निघालं तेव्हा सचिवांनी पहिल्या दिवशीच काही नाणी बदलून घेतली आणि बायकोला घेऊन थेट भाजीबाजार गाठला. गवार घेतली. पैसे देताना वरचं नाणं असं धरलं की ओंजळ नेमकी भाजीवालीच्या डोळ्यांसमोर यावी.

भाजीवालीने नाणं उलटंसुलटं केलं.

"नवीन आहे," सचिव म्हणाले. "हात बघा. ओंजळ."

"दिसतंय की. आकडा कुठाय?"

"मागच्या बाजूला."

तिने आकडा बघितला आणि नाणं गोणपाटाखालच्या डब्यात टाकून दिलं. सचिवांचा चेहरा पडला. बायको पदराआड हसली. तेवढ्यात मागून एक बाई मेथी घेऊन पुढे आल्या. भाजीवालीने एका हाताने त्यांची जुडी बांधली आणि दुसरा हात गोणपाटाखाली घातला. न बघताच तिने बोटांनी चाचपलं, नेमकं नवं नाणं काढलं आणि सुटे म्हणून बाईंच्या हातावर ठेवलं.

सचिव जागच्या जागी खिळले. "पाहिलंस? न बघता! चाचपून!" त्यांनी बायकोचा दंड धरला. "मास्तरांना कळवलं पाहिजे! बेकरीत जाऊन सांगितलं पाहिजे!"

"साहेब," भाजीवाली म्हणाली, "गवार घेऊन झाली ना? मग जरा सरका की बाजूला. उजेड अडवलाय तुम्ही."