तेजूचं रुखवत

भिवंडीत, कामतघरच्या आमच्या चाळीत मी कितीतरी वर्षं कचरा चोरून टाकलेला आहे. पिशवी पदराखाली झाकायची, चपला हातात घ्यायच्या आणि शेजारच्या दारासमोरून श्वास रोखून जायचं. तरी पिशवी जरा कुरकुरली की आतून हाक यायचीच. "काकी, टाकू नका! ह्याचं कायतरी होईल."

ह्याचं म्हणजे कशाचंही. फुटकी बांगडी, आइस्क्रीमच्या काड्या, औषधाच्या बाटलीचं बूच, नारळाची करवंटी. एकदा मी आमच्या ह्यांचा जुना बनियन टाकायला निघाले, तर तेजूनं तो माझ्या हातातून ओढूनच घेतला. मी म्हटलं, "अगं बाई, त्यात आता कापडापेक्षा भोकं जास्त आहेत." तर म्हणाली, "भोकं आहेत तेच बरं ना काकी, सुई घालायला त्रास नाही." पुढच्याच आठवड्यात त्या बनियनचा ससा होऊन तिच्या दारावर लटकला. आमचे हे त्यानंतर त्या दारावरून मान खाली घालून जायचे.

मला घर मोकळं लागतं. वापरात नसलेलं भांडंसुद्धा माझ्या डोळ्यांत खुपतं. अशा बाईच्या शेजारी देवानं ही पोरगी आणून ठेवली होती.

तेजू म्हणजे तेजश्री. अंजूरकडच्या एका गोडाऊनमध्ये पॅकिंगच्या ड्युटीला जायची आणि संध्याकाळी आल्यावर दारात पसारा मांडून बसायची. दहावीत असताना तिची आई गेली. घरात ती आणि तिचे बाबा, काशिनाथभाऊ. ते तरुणपणी अंजूरहून इथे कापड विणायच्या लूमवर लागले आणि लूमनं त्यांचे कान खाल्ले. म्हातारपणी तर अगदीच ऐकू येईनासं झालं. सरकारी दवाखान्यातून मिळालेलं कानातलं मशीन त्यांनी दोन दिवस लावलं आणि काढून डबीत ठेवलं. म्हणाले, "त्यात पुन्ना लूमच वाजतो."

त्यामुळे तेजूचा आवाज हा एक स्वतंत्र विषय होता. बाबांशी बोलायचा तिचा एक खास आवाज होता, पोटातून काढलेला, एकेक शब्द सुटा. त्यांच्या घरी आज काय शिजलंय हे चाळीच्या त्या टोकालाही माहीत असायचं. तिचं लग्न ठरल्यावर कोन गावच्या महेशचा फोन यायला लागला, तेव्हा ती कोपऱ्यात तोंड घालून बोलायची, पण सवय कुठे जाते? "हो! मला पण येते तुमची आठवण!" हे वाक्य आम्ही सगळ्यांनी ऐकलं. खालच्या मजल्यावरून कुणीतरी "अरे वा!" अशी दादही दिली.

पण तिचं खरं नाव झालं ते रुखवतामुळे. कामतघरात कुणा मुलीचं लग्न ठरलं की साखरपुड्याआधी तेजूला निरोप जायचा. सुपारीचं तुळशीवृंदावन, करवंट्यांची बैलगाडी, लूमवरच्या रिकाम्या कांड्यांचे नवरा-नवरी. कांड्या म्हणजे ज्यांच्यावर सूत गुंडाळून धोट्यात घालतात त्या. तेजू त्यांना चिंध्यांचे शालू नेसवायची, मुंडावळ्या बांधायची आणि नवऱ्याला मिशी काढायची. नवऱ्या मुलाला मिशी नसली तरी काढायची. "मिशीशिवाय नवरा कांडीच वाटतो," म्हणायची.

ज्या कारखान्यात काशिनाथभाऊ होते, त्याच्या मालकांच्या घरची भाभी एकदा आमच्या चाळीचा जिना चढून आली. "आमच्यात रुखवत नसतंय गो तेजू, पण माझ्या लेकीनं कुठंतरी तुझा मोर बघितला. तिला तसला मोर पायजे." तेजूनं त्यांच्याच कारखान्यातल्या चिंध्यांचा पुरुषभर उंचीचा मोर केला. तो जिन्यातून उतरेना. शेवटी गच्चीवरून दोरानं सोडला, तेव्हा खाली उभी असलेली भाभी दोन्ही हात पसरून ओरडत होती, "संभालके, संभालके, पंख!" मोबदला म्हणून तेजूनं काय मागितलं, तर लग्नातल्या उरलेल्या पत्रिका.

लग्नाचं सगळं तीच बघायची. हळदीचं ताट, नवरीच्या मागे चालायच्या मुली, कुणी कधी उठायचं, कुणी कुठे उभं राहायचं. "लग्न म्हणजे शिफ्ट असते काकी, एक जण चुकला की सगळ्यांचा माल बिघडतो." आणि चुकायचे नेमके तिचे बाबा.

अंजूरला तिच्या चुलत भावाचं लग्न होतं. मीही गेले होते. मंगलाष्टकं सुरू झाली, समोर माणसांची भिंत उभी राहिली. काशिनाथभाऊ बुटके. त्यांना दिसेना आणि ऐकू तर येतच नव्हतं. शेजारचा हात उचलेल तसा हात उचलायचा, असं त्यांचं चाललं होतं. शेजारच्यानं डास मारला, तेव्हा काशिनाथभाऊंनी चिमूटभर अक्षता टाकल्या. मग पोरं हसली म्हणून ते ओशाळले आणि खाली बघत राहिले. वर बघितलं तेव्हा लोक जेवायला पळालेले. मूठ तशीच गच्च धरून त्यांनी मला विचारलं, "वैनी, लगीन लागला का?"

सगळ्यांत जास्त तेजू हसली.  परतीच्या रिक्षात मात्र ती मला हळूच म्हणाली, "काकी, माझं लागेल तेव्हाही ते असंच विचारतील."

महेश मुलगा चांगला होता. त्यानं स्वतःहून सांगितलं, बाबांनाही कोनला घेऊन येऊ. काशिनाथभाऊ ऐकेनात. "लेकीच्या घरी पानी प्यावं, ऱ्हाऊ न्हाय." ह्यावर तेजूनं पोटातून आवाज काढून महिनाभर भांडण केलं. चाळीतल्या प्रत्येकानं त्यात आपापलं मत दिलं. म्हातारा हलला नाही.

मग तिनं भांडण सोडलं आणि दार लावून घ्यायला सुरुवात केली. संध्याकाळी आली की दार बंद. आतून ठोकाठोकीचा आवाज. आम्हाला वाटलं, स्वतःचं रुखवत करतेय, बघू द्यायचं नसेल. चाळभर अंदाज चालले. कुणी म्हणे अख्खा भिवंडीचा नकाशा करतेय, कुणी म्हणे चालता लूम.

लग्नाला थोडे दिवस उरले असताना ती हातोडी घेऊन माझ्या स्वयंपाकघरात शिरली. "काकी, एक खिळा मारू?"

"कशाला?"

"मारू तर द्या."

आमच्या खोल्यांमधली भिंत वरपर्यंत गेलेली नाही, पत्र्याखाली हातभर फट आहे. तिनं स्टुलावर चढून फटीजवळ खिळा मारला, पलीकडून दोरी घेतली आणि दोरीच्या टोकाला एक बाहुली टांगली. कांडीचीच. अंगात हिरवं पोलकं. ते पोलकं मी ओळखलं. मी स्वतः, पदराखाली झाकून, चोरून टाकलेलं माझंच ब्लाउज होतं ते! मी जी काही चिडले. माझ्या मोकळ्या भिंतीवर माझाच कचरा! तेजू खाली उतरली, हातोडी पदराला पुसली आणि म्हणाली, "राहू द्या ना काकी. लग्नानंतर सांगते."

लग्न कोनच्या रस्त्यावरच्या एका हॉलमध्ये होतं. आई नाही म्हणून कन्यादानाला अंजूरचे चुलते-चुलती बसणार होते. काशिनाथभाऊंना तसं काही कामच नव्हतं. पण आदल्या दिवशी त्याच हॉलमध्ये हळदीच्या वेळी ते म्हणाले, "हिची आय असती तं मंगलाष्टकांना तुलशीला पानी घालीत बसली असती. ता मी करीन."

आपल्याकडे मुलीच्या आईनं मुलीचं लग्न लागताना बघायचं नसतं, लग्नाकडे पाठ करून तुळशीला पाणी घालायचं असतं. ते बायकांचं काम. कुणीतरी हसलंसुद्धा. तेजू हसली नाही. तिनं लगेच हॉलचा कोपरा न् कोपरा डोळ्यांनी मोजला आणि मला बाजूला घेतलं.

दुसऱ्या दिवशी अंतरपाट धरला गेला, तो बाबांनी विणलेल्या कोऱ्या कापडाचा. त्याच्या कोपऱ्याला एक पांढरा धागा होता. तो स्टेजवरून खाली उतरून, खुर्च्यांच्या कडेकडेनं, थेट मागच्या दाराशी तुळशीच्या कुंडीपर्यंत गेला होता. त्याचं दुसरं टोक काशिनाथभाऊंच्या मनगटाला बांधलेलं. भटजींनी विचारलं, "हे काय?" नवरीनं अंतरपाटाआडून सांगितलं, "राहू द्या ते. तुम्ही म्हणा." एवढ्या मोठ्यानं, की वऱ्हाडही सावध झालं.

धाग्यावर कुणी पाय देऊ नये म्हणून माझी नेमणूक झाली होती. शालू नेसून, एका हातात अक्षता आणि दुसऱ्या हातानं धागा उचलून धरत, मी फोटोवाल्यावर खेकसत होते. समोर ते पाठमोरे बसलेले. तांब्यातून थेंब थेंब पाणी घालत होते. मंगलाष्टकं संपत आली तशी मी धागा दोन बोटांत अलगद धरला. मग अंतरपाट ओढला गेला. माझ्या बोटांतून धागा सर्रकन पुढे गेला.

त्यांचं मनगट हललं. त्यांनी मान वर केली, पण वळून पाहिलं नाही. नियम नियमच. तांब्या खाली ठेवला, मूठ उघडली आणि अक्षता तशाच मागे, खांद्यावरून फेकल्या. अगदी वेळेवर. त्या स्टेजपर्यंत कसल्या पोचतात? सगळ्या माझ्या डोक्यावर पडल्या. मी तिथे उभी राहून रडले, हे सांगायला मला आता लाज वाटत नाही.

रुखवताचं टेबल मात्र जवळजवळ रिकामं होतं. विकतचे लाडू आणि एक फुलदाणी. सासरच्या बायका कुजबुजत होत्या, अख्ख्या कामतघरचं रुखवत करणारी ती हीच का म्हणून. मला राहवलं नाही. निघताना मी तिला विचारलं, "अगं, इतके दिवस दार लावून काय करत होतीस?"

"रुखवतच करत होते, काकी. ते इकडे आणलं नाही इतकंच."

संध्याकाळी काशिनाथभाऊंबरोबर मी त्यांच्या खोलीत गेले आणि दिवा लावला. घरभर दोऱ्या. दाराची कडी कुणी हलवली की त्यांच्या खुर्चीसमोर मोर पिसारा हलवणार. कुकरच्या वर लाल चिंध्यांचा झुपका टांगलेला, शिट्टीची वाफ आली की तो नाचणार, म्हणजे शिट्ट्या डोळ्यांनी मोजायच्या. नळाखाली आइस्क्रीमच्या काड्यांचं चक्र, पाणी आलं की फिरणारं. आणि पलंगाच्या उशाशी एक दोरी, वर पत्र्याखालच्या फटीतून माझ्या स्वयंपाकघरात गेलेली. आमची टाकलेली एकेक वस्तू मला तिथे भेटली. बनियनचा ससासुद्धा.

दुसऱ्या दिवशी मी चहा टाकत होते तेव्हा हिरव्या पोलक्याची बाहुली खिळ्यावर टुणकन उडाली. मी दचकून दूध सांडलं. थोड्या वेळानं फोन वाजला. मागे कोनच्या रस्त्यावरच्या ट्रकांचे हॉर्न. "काकी, बाहुली हलली?"

"हलली गं बाई. माझं दूध सांडलं."

"मग बाबा उठले."

बाबांना फोन करून उपयोग नव्हता, तो वाजला तरी कळायचा नाही. म्हणून रोज सकाळी ते दोरी ओढायचे, बाहुली उडायची आणि तेजू मला विचारायची. सणाला आली की खोलीभर फिरून दोऱ्या ताणून बघायची, ढिल्या झालेल्या गाठी आवळायची. परत जाताना रिक्षात बसेपर्यंत हसत असायची. कधी मला भाजी निवडता निवडता रागच यायचा, रोज रोज काय तेच. तरी माझी नजर खिळ्याकडे जायचीच. म्हातारा कधी गमतीत असला तर दोनदा ओढायचा. मी ते तिला सांगितलं की पलीकडून इतकं मोठं हसू यायचं की फोन कानापासून लांब धरावा लागायचा.

यंदा संक्रांतीनंतरची एक सकाळ. माझा चहा झाला, पोळ्या झाल्या. बाहुली तशीच. मी स्टुलावर चढले आणि माझ्या बाजूनं दोरी ओढून बघितली. ती सहज आली, तिच्या पलीकडे कुणाचा हात नव्हता. ह्यांनी जाऊन दार जोरानं ढकललं, कडी निघाली. आत मोर पिसारा हलवत राहिला. काशिनाथभाऊ पांघरूण घेऊन कुशीवर झोपले होते. चेहरा शांत होता आणि अंग गार.

खोलीत चाळ जमली. कुणी डॉक्टरला बोलवायला गेलं, कुणी म्हणालं, लेकीला कळवा. तेवढ्यात माझ्या हातातला फोन वाजला.

"काकी, बाहुली हलली?"

मी फोन कानाशी धरून काशिनाथभाऊंचं पांघरूण सारखं करत राहिले.

तिला वाटलं, मला ऐकू आलं नाही. म्हणून तिनं पुन्हा विचारलं. बाबांशी बोलायच्या त्या आवाजात, पोटातून, एकेक शब्द सुटा करून.

"काकी! बाहुली! हलली का?"