मोज्यांचा घोडा

मोजे घालायला शिकायचं नाही म्हणजे नाही! पोशीरच्या श्रीपत आबांनी पक्कं ठरवलं होतं. आणि आबांनी एकदा ठरवलं, की मग कोणाची टाप नव्हती त्यांना हलवायची!

आबांची सारी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून गेली. कशेळ्याच्या खच्चून भरलेल्या गाडीत उभं राहून राहून पायांच्या शिरा अशा फुगल्या, की डॉक्टरांनी गुडघ्यापर्यंतचे घट्ट मोजे दिले. कसले मोजे! ते पायात चढवणं म्हणजे उशीच्या अभ्र्यात गादी कोंबणं. आबांना तर वाकताच येत नव्हतं. म्हणून रोज सकाळी कामावर निघण्याआधी त्यांचा मुलगा रत्नदीप खाली बसायचा, बापाचा पाय मांडीवर घ्यायचा आणि घाम गाळत मोजे चढवायचा. दिवसभरात पोरगा जवळ बसायचा तो एवढाच. बायको विठाबाई गेल्यापासून आबांना कोणाचा मायेचा हात लागायचा तोही तेवढाच.

खरी गोम वेगळीच होती. रत्नदीपने नेरळला फ्लॅट घेतला होता. लेक दीक्षाची शाळा तिथे जवळ, कंपनीची बसही तिथूनच. पण फ्लॅट चौथ्या मजल्यावर, लिफ्टचा पत्ता नाही आणि आबांना जिने चढायची बंदी. "आबांना आपले मोजे आपन घालता आले, की निघायचं," असं रत्नदीप बायकोला, रूपाला सांगताना आबांनी पडवीतून ऐकलं. झालं! मोजे येत नाहीत तोवर पोरगा घरात. इतकं सोपं!

मग एक दिवस कुरिअरने घोडा आला. म्हणजे वाकवलेल्या जाड तारांची एक फ्रेम. मधे अर्धगोल कमान, दोन्ही बाजूंना उंच दांडे. दीक्षाने त्याला घोडा म्हटलं आणि तेच नाव पडलं.

"हे बघा आबा," रत्नदीप म्हणाला. "मोजा असा कमानीवर ताणायचा. टाच मागं. घोडा खाली ठेवायचा, पाय आत सारायचा आनि दांडे धरून वर खेचायचं. वाकायचं काम नाय!"

"समजलं नाय," आबा म्हणाले.

समजलं तर एका नजरेत होतं. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी टाच बरोब्बर पुढे घातली. तिसऱ्या दिवशी पाय घोड्यात अडकवून घेतला आणि खडाङ खडाङ करत अंगणभर फिरले. कोंबड्या कौलांवर! रत्नदीपची बस चुकली. चौथ्या दिवशी घोडाच गायब! घरभर शोधाशोध झाली. शेवटी तो शेजारच्या सोनुबाईकडे सापडला. त्याच्यावर पाण्याचं मडकं ठाण मांडून बसलं होतं.

"श्रीपतभावजींनीच दिला की," सोनुबाई म्हणाली. "म्हनले, मडक्याला बूड टेकायला बरा हाय."

रत्नदीपने कपाळाला हात लावला. बाप आता विसरायलाही लागला, असं त्याला वाटलं. त्याचा चेहरा एवढासा झाला, तेव्हा आबांना आतून कसंतरीच झालं. पण दुसऱ्या दिवशी टाच परत पुढेच!

त्यात पावसाळ्यातला वर्षावास चालू होता. दर रविवारी विहारात वंदना आणि मग ग्रंथवाचन. पंचशील म्हणताना चौथं शील आलं, खोटं बोलणार नाही असं म्हणायची वेळ आली, की आबांना नेमका खोकला यायचा! दोन रविवार हे बघून रूपाने अडुळशाचा काढा सुरू केला. कडू जहर! आबा तोही मुकाट्याने पीत राहिले. पोरगा घरात राहणार असेल तर त्यांनी घागरभर प्यायला असता.

आणि नेमके डॉक्टरांनी सोनुबाईलाही तसलेच मोजे दिले! पुढच्या रविवारी वाचन संपल्यावर ती घोडा मागून घेऊन विहाराच्या ओट्यावर बसली. रत्नदीप दाखवणार होता, पण तो आत सतरंज्या गोळा करत होता. तोवर तिचं तिनेच सुरू केलं. टाच पुढे, मोजा वाकडा, भोवती बायकांचा घोळका आणि जिच्या तिच्या तोंडी वेगळा सल्ला. आबांनी एकदा मान फिरवली. दुसऱ्यांदा डोळे मिटले. पण समोर एवढा गोंधळ चाललाय आणि कंडक्टरने गप्प बसायचं? कुठवर!

"अवो वैनी, टाच मागं घ्या, मागं! हां. आता पाय आत सरकवा. सरका, आत बरीच जागा हाय! धरा दांडे... चला, खेचा!"

सर्रकन मोजा गुडघ्यापर्यंत! बायकांनी टाळ्या वाजवल्या. आबांची छाती फुगली. दुसऱ्या पायाच्या वेळी तर त्यांनी रबरी हातमोजे घालून सुरकुत्या कशा काढायच्या, यावर भाषणच दिलं. आणि वळून बघतात तर दारात रत्नदीप!

"आबा! तुमाला येतंय की!"

तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "मला वाटलं, तुमचं डोकं चालंना झालं. रात रात झोप नव्हती मला. सुटलो बघा आज!"

नको जाऊ रं पोरा, एवढंच आबांना म्हणायचं होतं. पण भोवती सगळं गाव उभं होतं.

"मंग? कंडक्टर हाय मी!" आबा म्हणाले. "जा तुमी खुशाल!"

गाडी सोडायची डबल बेल त्यांनी स्वतःच मारली.

टेंपो भरला. दीक्षा गळ्यात पडून रडली. रूपाने डबे कुठे काय ते पुन्हा पुन्हा सांगितलं. आणि टेंपो गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी घोडा मांडला. पहिल्याच झटक्यात दोन्ही मोजे चढले. एकही सुरकुती नाही! त्यांनी कौतुकासाठी वर बघितलं, तर समोर भिंत. मग आबांना जे रडू आलं, ते चहा निवेपर्यंत थांबलं नाही.

दिवेलागणीला मोजे काढायला बसले, तेव्हा नवीनच पंचाईत. काठीने ढकलून पाहिले, मोजे हलेनात. चिमट्याने ओढून पाहिले. घोडा उलटा लावला, तर तोच निसटून चुलीपाशी गेला! तेव्हा कुठे आबांच्या ध्यानात आलं. रोज संध्याकाळी दूध तापत ठेवून रूपा यायची, दीक्षाला ओरडता ओरडता दोन हिसक्यांत मोजे काढून जायची. हे काम आहे, असं घरात कोणी कधी धरलंच नव्हतं. आता सोनुबाईला हाक मारावी, तर बाईमाणसापुढे पाय कसा करायचा?

त्यांनी नेरळला फोन लावला.

"हां आबा! घातलं ना मोजे?"

"घातले. झकास बसले."

"बघा! मी म्हनलो नव्हतो?"

"पन रत्नदीप... काढायचे कसं रं?"

आता येईल पोरगा, आबांना वाटलं. गाडीला किक मारली की पोशीर कितीसं लांब! त्यांनी उठून दाराची कडीसुद्धा काढली.

"आबा, तुमी काय बी काळजी करू नका!" रत्नदीप मोठ्या उत्साहाने म्हणाला. "काढायचं पन यंत्र मिळतं. आत्ताच मागवतो!"