सात ते आठची पाळी

आमचे शेजारी नामाभाऊ रोज संध्याकाळी सातच्या ठोक्याला घरातलं इंटरनेट बंद करतात आणि आठला पुन्हा सोडतात. ‘चालू करतो’ असं ते कधी म्हणत नाहीत, ‘सोडतो’ म्हणतात.

माणसाची सगळी नोकरी कालव्यावर पाटकरी म्हणून गेली. कुणाच्या शेताला किती वेळ पाणी द्यायचं ते यांनी ठरवायचं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण आमच्या महाळुंगे पडवळ गावात त्यांना अजून पाटकरीच म्हणतात. “आधी टेलला” हा त्यांचा मंत्र. टेल म्हणजे कालव्याच्या शेवटाचं शेत. तोंडाशी असलेल्यांनी आधी घेतलं तर तिथं थेंब पोचत नाही, म्हणून शेवटाकडून सुरुवात करायची. लग्नाच्या पंगतीतसुद्धा ते वाढप्याला शेवटच्या पानाकडून वाढायला लावतात. बिचारी वरमाई तोंडाशी बसून जिलबीची वाट बघत राहते.

त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, टीव्हीवर मालिका बघायच्या होत्या म्हणून गेल्या वर्षी त्यांच्या घरात फायबर आलं. वायरवाल्यानं खांबावरून केसासारखी तार खिडकीतून आत घेतली आणि एका छोट्या लोखंडी डबीत खोचली. मीडिया कन्व्हर्टर म्हणतात त्या डबीला.

“तारेतून नुसता उजेड येतो, भाऊ. ही डबी उजेडाचं करंट करते. मग इथून जाड वायर राउटरला,” वायरवाला म्हणाला.

“म्हंजी तार ह्यो कालवा, डबी म्हंजी गेट, आन राउटर आपली शेतात जानारी चारी!” नामाभाऊंनी एका दमात सगळं बांधकाम उरकलं. एवढ्यात वायरवाल्यानं तार खिडकीच्या कोपऱ्यात मुरडली, तसे ते ओरडलेच, “आरं, काटकोनात नगं वळवू! पाट आसा वळवला का पानी थटतंया!”

वायरवाला कान खाजवत म्हणाला, “ते बरोबर हाय. फायबरला मोड चालत नाय.” झालं! नामाभाऊंची छाती दोन इंच फुगली.

शेवटी त्यांनी विचारलं, “ह्या लायनीवर टेलला कोन?”

“मळ्यातले सोपानभाऊ.”

सोपान म्हणजे नामाभाऊंचा सख्खा धाकटा भाऊ. दोघांचं बोलणं कित्येक वर्षं बंद आहे. नामाभाऊ उठले आणि वायरवाल्याला चहा विचारून आत गेले.

दुसऱ्या दिवशी मला हाक आली, “गुरुजी, पानी आटलं!” मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे गल्लीतलं काहीही बंद पडलं की मलाच बोलावतात. जाऊन बघतो तर डबीचे दिवे हिरवेगार आणि राउटरवर मात्र लाल. डबीतून आलेली वायर राउटरच्या शेवटच्या भोकात.

“ही इथं कुणी घातली?”

“मी. पुसायला काढली व्हती. टेलपास्नं सुरू करायचं आसतं ना?”

मी वायर तिच्या जागी, वेगळ्या निळ्या भोकात घातली. “आलं, आलं!” नामाभाऊ ओरडले.

त्यानंतर हे सात ते आठ सुरू झालं. काकू माझ्याकडे रडकुंडीला आल्या. “सातलाच माझी मालिका लागती, गुरुजी. ह्यास्नी चोवीस तासांत दुसरा तास गावला न्हाई का?”

त्या संध्याकाळी मी समजवायला गेलो. “भाऊ, हे पाणी नव्हे. प्रत्येकाचा वाटा वेगळा बांधलेला असतो. तुम्ही बंद केलं म्हणून पुढच्याला काडीचं जास्त मिळत नाही.”

“ठाव हाय. वायरवाल्याला इचारलंय म्या.”

“मग?”

नामाभाऊ उपरण्यानं ती डबी पुसत बसले. “सोप्याची पोर नर्स हाय. सातला तिची ड्युटी सुटती, मंग बापाला फोन लावती, तोंड बघून बोलती. मागं पारावर कुनाला तरी सांगत व्हता, चित्र आडकतंय म्हनून.” त्यांनी उपरणं खांद्यावर टाकलं. “आमचं बोलनं तुटलं त्या साली पानी लई कमी व्हतं. टेलला सोप्या. लोक म्हनतील, भावाला चोरून दिलं. त्या भ्यानं त्याची पाळी मारली म्या, दुसऱ्याला दिली. सगळा कांदा जळला त्याचा. पाळी त्याची व्हती, गुरुजी. त्याच्या हक्काची व्हती.”

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

सात वाजले. टीव्हीवर मालिकेचं गाणं लागलं. नामाभाऊ गुडघ्यावर हात टेकून उठू लागले, तर दारात काकू उभ्या. सगळं ऐकलं असावं.

“बसा तुमी,” म्हणत त्या पुढं झाल्या आणि त्यांनीच बटण दाबलं.

डबीचे दिवे विझले. नामाभाऊ खिडकीतून मळ्याच्या दिशेनं बघत राहिले.

“पोचलं आसंल न्हवं टेलला?” त्यांनी मला विचारलं.

जन्मभर विज्ञान शिकवलेला मी म्हणालो, “पोचलं, भाऊ.”