पिकअपची उंची वाढवण्याबाबत

माणसाची उंची साधारण विसाव्या वर्षी वाढायची थांबते. त्यापुढे जी काही वाढवायची ती गाडीची वाढवावी लागते. हे सत्य इतकं उघड आहे, की त्यावर अजून कुणी समितीसुद्धा नेमलेली नाही.

उंची-तपासनिसांना ते वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी उमगलं. ते शहराच्या रहदारी खात्यात होते. पूल, बोगदे आणि तळघरातली पार्किंगं यांच्या तोंडाशी ‘कमाल उंची अमुक’ असा फलक लावणं, हे त्यांचं काम. फलकाच्या खालच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत त्यांचं नाव आणि हुद्दा असे. असे दोनशे चौदा फलक त्यांनी स्वतःच्या पिकअपमधून नेऊन लावले होते आणि सव्वीस वर्षांत एकाही गाडीचा टप कुठे घासला नव्हता. (सर्कशीचा एक जिराफ अडकला होता, पण जिराफाला फलक वाचता येत नसल्याने ती नोंद अपघातांत धरलेली नाही.) ऑफिसात त्यांना सगळे सेंटीमीटरसाहेब म्हणत, आणि त्यांनाही त्यात वावगं काही वाटत नसे.

त्यांची आई शहरापासून एकवीस किलोमीटरवर एकटी राहायची. शेवटचा दीड किलोमीटर कच्चा रस्ता, मध्ये घोटाभर पाण्याचा ओढा, आणि ओढा ओलांडला की रस्त्याच्या अगदी मधोमध एक दगड. मांजर बसल्यावर असतं तेवढाच, पण जागचा न हलणारा. मागच्या भेटीत पिकअपचं पोट त्या दगडाला घासलं आणि खर्र आवाज झाला. तो आवाज तपासनिसांच्या मनाला लागला.

त्यातच आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले. डावा डोळा आधी करायचा ठरला. दवाखान्यानं तारीख दिली.

‘‘मीच येतो तुला न्यायला,’’ तपासनीस फोनवर म्हणाले. ‘‘फक्त त्या रस्त्याचं आधी काहीतरी करायला हवं.’’

‘‘ये रे बाबा. मी पिशवी भरून ठेवते,’’ आई म्हणाली.

आता, दगडाच्या बाबतीत दोनच मार्ग संभवतात. एक, दगड काढणे. दोन, गाडी उंच करणे. पैकी दगड हा विषय बांधकाम खात्याच्या अखत्यारीत येतो. उंची हे मात्र तपासनिसांचं स्वतःचं खातं. दुसऱ्याच्या खात्यात हात घालायचा नाही हे तत्त्व त्यांनी आयुष्यभर पाळलं होतं, तेव्हा निर्णय झाल्यातच जमा होता.

गॅरेजवाल्याला सगळे वस्ताद म्हणत. वस्तादांनी पिकअपभोवती सावकाश एक फेरी मारली, एका चाकावर हळूच लाथ मारली आणि मान हलवली.

‘‘साहेब, गाडी बसलीय.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘म्हणजे उभी नाही.’’

या निदानापुढे काय बोलणार? चार इंच उंच करणारं सस्पेन्शन आणि पस्तीस इंची टायर, असा उपचार ठरला.

उंची वाढवण्याचं शास्त्र मोठं शिस्तीचं आहे. त्यात एक गोष्ट केली की दुसरी करावीच लागते, आणि दुसरी केली की पहिली पुन्हा करावी लागते. स्प्रिंगा उंच झाल्या, तसे धक्के झेलणारे जुने शॉकॲब त्यांना पुरेनात; नवे मागवले. मोठे टायर वळताना मडगार्डला घासू लागले, मडगार्ड कापले. तेवढी मोठी स्टेपनी गाडीखाली मावेना, म्हणून ती मागच्या हौद्यात ठेवली. त्यामुळे हौद्यात फलक मावेनात, म्हणून टपावर कॅरिअर बसवला. कॅरिअर नुसताच बोडका दिसतो, म्हणून त्यावर सहा दिवे लावले. मोठ्या टायरांमुळे वेगाचा काटा लाजाळू झाला. तो साठ दाखवायचा तेव्हा गाडी बाहत्तरला असायची. ब्रेक उशिरा लागू लागले. (याला वस्ताद ‘गाडीला आता वजन आलं’ असं म्हणत.) सगळ्यात शेवटी दारांखालचे फूटबोर्ड काढले.

‘‘चढायचं कसं?’’ तपासनिसांनी विचारलं.

‘‘साहेब, फूटबोर्ड दगडाला लागतो,’’ वस्ताद म्हणाले. दगडाचं नाव काढल्यावर विषयच संपला.

हे सगळं व्हायला नऊ महिने लागले. इतक्या काळात मूल होतं, असं त्यांची बायको म्हणाली. पण त्यांना दोन मुलं असल्यामुळे ती माहिती नवीन नव्हती. दरम्यान दवाखान्याच्या दोन तारखा हुकल्या. पहिल्या तारखेला शॉकॲब वाटेत होते. दुसऱ्या तारखेला स्टिअरिंग असं थरथरत होतं, की हातातला चहा आपोआप ढवळला जायचा.

‘‘अहो, टॅक्सी करून घेऊन येऊया का त्यांना?’’ बायकोनं विचारलं.

‘‘त्या रस्त्यावर टॅक्सी?’’ तपासनीस इतके दुखावले, की तिनं पुन्हा विषय काढला नाही.

या काळात ते उंच गाडीवाल्यांच्या एका ग्रुपमध्ये सामील झाले. ग्रुपचे सदस्य तीनशे अकरा. त्यांच्या पाहणीनुसार दोनशे अठ्ठ्याण्णव जणांची गाडी डांबरी रस्त्यावरून आजवर खाली उतरलेली नव्हती. नऊ जणांची चुकून उतरली होती. उरलेले चौघे कुठेतरी रुतले असल्यामुळे त्यांची उत्तरं येऊ शकली नाहीत. तपासनिसांना या आकडेवारीचा मोठा आधार वाटला, कारण आपल्यापाशी खराखुरा दगड आहे आणि इतरांपाशी नुसती हौस, ही जाणीव त्यांना रोज नव्यानं होत असे.

आईचा फोन दर रविवारी यायचा. दुसऱ्या महिन्यातल्या एका रविवारी ती म्हणाली, ‘‘अरे, तो दगड काढला बरं का दूधवाल्यानं. पहार घेऊन आला, दहा मिनिटांत मोकळा.’’ तपासनीस तेव्हा दुसऱ्या कानाशी वस्तादांचा फोन धरून पुढच्या आणि मागच्या स्प्रिंगांतला फरक समजून घेत होते. ‘‘हो हो, छान,’’ असं ते म्हणाले. नेमकं कुणाला, हे त्यांनाही पुढे सांगता आलं नाही.

तिसरी तारीख मंगळवारची होती, सकाळी अकराची. ही हुकली तर पुढची चार महिन्यांनी, असं दवाखान्यानं बजावलं होतं. आईला आता फोनचे आकडे दिसत नव्हते; ती बोटांनी मोजून बटणं दाबायची. तपासनिसांना हे कळलं तेव्हा त्यांना खरोखर वाईट वाटलं. त्यांनी वस्तादांना सांगून स्टिअरिंग एका दिवसात नीट करून घेतलं.

मंगळवारी ते निघाले. ओढ्यापाशी त्यांनी चारही चाकांचा गिअर टाकला, खिडकी बंद केली, श्वास रोखला. पिकअप ओढ्यातून अशी गेली, की पाण्यालाही पत्ता लागला नाही. पुढे दगड. म्हणजे, पुढे दगड असायला हवा होता. तपासनीस थांबले. मागे आले. पुन्हा पुढे गेले. खाली उतरून, वाकून त्यांनी पाहिलं. दगडाच्या जागी गवत उगवलं होतं आणि त्यावर दुधाच्या गाडीच्या चाकांचे दोन नीटस पट्टे होते. कुणीतरी आपली वस्तू विचारल्याशिवाय नेली, असं त्यांना वाटलं.

आई पिशवी घेऊन दारातच बसली होती. समोर काहीतरी अवाढव्य काळं येऊन थांबलेलं तिला अंधुक दिसलं.

‘‘कोण? सामान न्यायला आलात का? इथं कुणी घर सोडत नाहीये हो!’’

‘‘आई, मी आहे.’’

‘‘अगंबाई! एवढ्या वर बसून काय करतोयस?’’

मग चढण्याचा प्रश्न उपस्थित झाला. तपासनिसांच्या खिशात टेप होतीच. गाडीची बैठक जमिनीपासून एकोणतीस इंच. आईचा पाय उचलून उचलून नऊ इंच. (दोनदा मोजलं, दुसऱ्या खेपेला साडेआठ भरला.) नऊ इंचांचं स्टूल ठेवलं. आई त्यावर उभी राहिली, खिडकीची कड धरली आणि म्हणाली, ‘‘इथवर आले. आता?’’

आता वीस इंच उरत होते आणि पायात नऊच होते. खुर्ची ठेवली असती, पण खुर्चीवर चढायला पुन्हा स्टूल लागलं असतं, आणि खुर्ची डुगडुगत होती. सव्वीस वर्षं तपासनिसांनी जगाला एकच प्रश्न विचारला होता, की जास्तीत जास्त किती उंच चालेल. तोच प्रश्न आईच्या गुडघ्याला विचारायचा तेवढा राहून गेला होता. ते टेप हातात धरून उभे राहिले. घड्याळात साडेनऊ झाले होते.

तेवढ्यात दूधवाल्याची छोटी गाडी दारात आली. ती रोज दोनदा यायची.

‘‘काय आजी, अजून निघाला नाहीत? चला, मी शहरातच चाललोय,’’ दूधवाला म्हणाला. तपासनिसांकडे बघून त्यानं आदरानं मान लववली. ‘‘दादा, गाडी एक नंबर आहे हो तुमची.’’

आईनं छोट्या गाडीत बूड टेकवलं, पाय आत घेतले, पिशवी मांडीवर ठेवली. एकूण वेळ सात सेकंद. ‘‘तू ये मागून,’’ ती म्हणाली. तपासनीस मागून निघाले.

दवाखान्याच्या पार्किंगच्या तोंडाशी लोखंडी आडवी दांडी होती आणि तिच्यावर फलक होता: कमाल उंची दोन मीटर दहा सेंटीमीटर. दूधवाला खालून निघून गेला. पिकअप, टपावरच्या दिव्यांसकट, दोन मीटर तेरा होती.

‘‘साहेब, टायरची थोडी हवा सोडा, जाईल आत,’’ राखणदार म्हणाला.

‘‘हवा सोडून उंची कमी करण्यास मनाई आहे,’’ तपासनीस म्हणाले. तो नियम त्यांनी स्वतः लिहिलेला होता. गाडी उभी करायला जागा मिळाली ती दीड किलोमीटरवर. तिथून ते पळत आले.

पोचले तेव्हा अकरा वीस झाले होते आणि आई आत गेली होती. नातेवाइकाच्या रकान्यात दूधवाल्यानं सही करून टाकली होती. ‘रुग्णाशी नातं’ याच्यापुढे त्यानं लिहिलं होतं: दूध.

दुसऱ्या दिवशी आईची पट्टी काढली. आई मुलाचा हात धरून बाहेर आली, दांडीपाशी थांबली आणि डाव्या डोळ्यानं फलक वाचू लागली. आकडे वाचले. मग कोपऱ्यातली मुंगीएवढी अक्षरंही वाचली.

‘‘अरे, हे तुझंच नाव की रे! किती छान काम करतोस तू.’’ तिनं त्याच्या पाठीवर हात फिरवला. ‘‘आणि तुझी गाडी कुठाय?’’

‘‘जरा लांब आहे, आई.’’

‘‘असू दे. दूधवाला येतोच आहे.’’

तपासनिसांना एकाच वेळी हसू आलं आणि लाजही वाटली. त्या दिवशी ते दूधवाल्याच्या गाडीत मागे, किटल्यांच्या मध्ये, गुडघे हनुवटीला लावून आईच्या घरी गेले. वाटेत कुठेही काही घासलं नाही. आई पुढे बसून प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचत होती आणि दूधवाला तिला शाबासकी देत होता. तपासनिसांनी इतका मजेचा प्रवास कित्येक वर्षांत केला नव्हता. उजव्या डोळ्यासाठी त्यांनी दूधवाल्याशी आगाऊच बोलून ठेवलं.

पिकअपचं म्हणाल, तर ग्रुपनं तिला त्या वर्षीचं मानपत्र दिलं. तीनशे अकरा जणांत खरोखर डांबरावरून ठरवून खाली उतरलेली आणि परत आलेली तेवढी एकच होती.

येणेप्रमाणे हे प्रकरण निकाली काढण्यात आलं आहे. आपली, म्हणजे वाचकांची, गाडी उंच केलेली नाही आणि आपल्या आईच्या घरापर्यंतचा रस्ता डांबरी आहे, असं नोंदीवरून दिसतं. तरीही आपलं जाणं लांबलेलं असल्यास वाटेत दगड असणार, हे उघड आहे. तरी वाचकांनी आईचा मागचा फोन आठवून पाहावा. ती काय म्हणाली हे आठवत नसेल, तर दगड केव्हाच निघालेला आहे असं समजावं, आणि वेळ न दवडता दुसरं कारण शोधायला घ्यावं.